हातातला क्लच

ऐन सनोबर
४ मार्च १९९९

प्रिय नख्ले,

तुझं पत्र मिळालं. रीमाचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. मुलींना फ्रेंचमध्ये कमी गुण पडले त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझेही पडत होते.

आता कामाचं. रविवारी प्रार्थना संपल्यावर खुरी बुलोसने वेदीसमोरूनच जाहीर केलं की, मोटर क्लबची चढणीची शर्यत यंदा पुन्हा आपल्या रस्त्यावर होणार आहे. सप्टेंबरचा पहिला रविवार. पुलापासून चर्चच्या चौकापर्यंत, तीच पाच किलोमीटर, तीच एकोणीस वळणं, पंचवीस वर्षांनी. मी घरी आले आणि गोठ्यात जाऊन निळ्या रेनोवरची ताडपत्री काढली. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. त्यांना बाहेर काढलं.

बुधवारी बुर्ज हम्मूदहून गार्बिस आला. तो तसाच आहे, फक्त आता दोन चष्मे वापरतो, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. इंजिन उघडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सित्त विदाद, हिला पेट्रोल नंतर घालू. आधी हिची माफी मागा." पण दुपारपर्यंत त्याने ती सुरू केली.

गाडी मी चालवणार आहे. तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे, म्हणून मीच लिहिते. डावा गुडघा सात वर्षांपूर्वी जोडला तसाच आहे, वाकत नाही. उजवा पाय ठणठणीत आहे, तेव्हा ब्रेक आणि वेग दोन्ही जमतं. क्लच जमत नाही. तो हाताने दाबता येईल अशी सोय तू काढून दे. पंपांच्या कारखान्यात इतकी वर्षं घालवलीस, एवढं येत असेल.

का, असं विचारशील. गेली सात वर्षं मी कुठेही गेले की लोक खुर्ची आणतात. बेकरीत, बँकेत, प्रेतयात्रेत. मी दारात दिसले की चर्चमधली अख्खी रांग सरकते. भाजीची पिशवी माझ्या हातात शेवटची कधी होती ते मला आठवत नाही. लोक चांगले आहेत, मला त्यांचा राग नाही. पण पाच किलोमीटर असे हवेत जिथे कुणालाही माझ्यासाठी खुर्ची आणता येणार नाही.

उपदेश नको. आराखडा पाठव.

विदाद


कुवेत
२० मार्च १९९९

प्रिय ताई,

तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच बसलो. रीमाने विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, अजून कोणी नाही.

तू छप्पन्न वर्षांची आहेस. त्या रस्त्याला एका बाजूला डोंगर आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चौऱ्याहत्तर साली तू सातवी आलीस तेव्हा तुला दोन गुडघे होते, आणि तरीही आईने त्या दिवशी सबंध जपमाळ दोनदा ओढली होती. निवृत्त झालेल्या बायका जर्दाळूचा मुरंबा करतात. तुझा मुरंबा पातळ होतो हे मला ठाऊक आहे, पण अजून वेळ गेलेली नाही, शिकशील.

मी आराखडा पाठवणार नाही. यावर माझं हे शेवटचं बोलणं.

निव्वळ माहिती म्हणून एवढंच सांगतो की आपल्या गाडीचा क्लच केबलीवर चालतो, त्यामुळे काम तत्त्वतः सोपं आहे. पायाचा जोर हातात आणायचा तर दांडा निदान सहास एक असावा लागेल, आणि केबल कुठेही तीव्र वळता कामा नये. मागच्या बाजूला जी आकृती आहे ती माझ्या धाकटीने खेळता खेळता काढली आहे असं समज. मापं मिलिमीटरमध्ये आहेत.

रीमा म्हणते तुला वेड लागलंय. ती हसत म्हणते, म्हणून कळवतो.

तुझा,
नख्ले


ऐन सनोबर
१२ एप्रिल १९९९

प्रिय नख्ले,

तुझ्या मुलीची आकृती तपासून परत पाठवते आहे. दहापैकी चार. गुणोत्तर बरोबर, अक्षर वाईट, आणि विचार अर्धवट. तू दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला लावला आहेस. गिअर बदलताना उजवा हात गिअरच्या दांड्यावर, डावा क्लचवर. मग चाक धरायचं कोणी, संत मार एलियासने?

गार्बिसने आकृती बघितली आणि खाटेवर बसून इतका हसला की, कपाळावरचा चष्मा खाली आला. मग त्याने मोटरसायकलच्या ब्रेकची मूठ आणली आणि ती गिअरच्या दांड्यावरच बसवली. आता उजव्या हाताने मूठ आवळायची आणि त्याच हाताने गिअर टाकायचा. डावा हात चाकावरून हलत नाही. क्लचचं पेडल त्याने काढूनच टाकलं, त्यामुळे पाय सरळ ठेवायला जागा झाली. तुझं सहास एक मात्र त्याने घेतलं. "इंजिनिअरसाहेबांचाही मान राखला पाहिजे," म्हणाला.

शुक्रवारी मठाच्या रस्त्यावर पहिल्यांदा नेली. चार वेळा इंजिन बंद पडलं. पाचव्यांदा दुसरा गिअर असा अलगद बसला की, मी मठापर्यंत गेले आणि तिथून परत, आणि पुन्हा मठापर्यंत. बाहेर बाकावर दोन साधू मसूर निवडत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी मान वर केली नाही. तळहाताला फोड आले आहेत. लिहिताना दुखतं, म्हणून अक्षर तुझ्यासारखं दिसत असेल.

क्लबचा चिटणीस आता आदिब खलीफे आहे. आठवतो ना, माझ्या वर्गात अपूर्णांक आले की रडायचा तो. मी अर्ज नेऊन दिला. त्याने दोन खुर्च्या मागवल्या, एक मला आणि एक माझ्या पायाला.

ईस्टरची मामूल वेगळ्या डब्यातून पाठवली आहे. खजुराची रीमाला, पिस्त्याची मुलींना. तुला काही नाही.

विदाद


कुवेत
२७ एप्रिल १९९९

प्रिय ताई,

डाव्या हाताची चूक कबूल. गार्बिसला सांग की मी त्याच्यापुढे टोपी काढतो. सीटखालची पट्टी त्याने चार बोटं मागे सरकवली तर पायाला आणखी जागा होईल, पण मग मानेचा आधारही मागे घ्यावा लागेल.

मामूल पोचली. मी रीमाच्या वाट्यातली चोरून खाल्ली.

क्लबचं काय झालं? आदिबच्या फार मागे लागू नकोस. बिचाऱ्यांना नियम असतात, विमा असतो, वरचे लोक असतात. ते नाही म्हणाले तर त्यांचंही काही चुकलं असं नाही. गाडी मठापर्यंत चालवता येते आहे, हेही काही थोडं नाही. संध्याकाळी जायचं, साधूंशी बोलायचं, परत यायचं.

इथे आत्ताच उष्मा सुरू झालाय.

तुझा,
नख्ले


ऐन सनोबर
१९ मे १९९९

नख्ले,

काल आदिब घरी आला. क्लब अर्ज नाकारणार आहे म्हणाला, प्रकृतीच्या कारणावरून. कारण कोणी सांगितलं असं मी विचारलं. तो कॉफीच्या कपात बघत बसला. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "कागद दे." पंचेचाळीस वर्षांच्या त्या माणसाने खिशातून कागद काढून निमूट माझ्या हातावर ठेवला.

तुझं अक्षर मला ओळखावं लागत नाही. ते तुला मीच गिरवायला लावलं होतं. "माझ्या बहिणीला हे कळू देऊ नका" या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या आहेस.

मी आदिबकडून नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि त्याच्यासमोर वाचलं. त्यात गुडघ्याचा उल्लेख नाही. त्यात असं आहे की हेल्मेट घालून, पट्टा बांधून बसलेल्या चालकाला कुणाच्याही मदतीशिवाय पंधरा सेकंदांत गाडीबाहेर येता आलं पाहिजे. गाडी पेटली तर म्हणून. हा नियम शहाणपणाचा आहे आणि तो मला मान्य आहे. १ ऑगस्टला आदिब घड्याळ घेऊन येईल. पंधरा सेकंदांत जमलं तर अर्ज मंजूर, नाही तर तो मी स्वतः फाडीन.

आज मला त्रेचाळीस सेकंद लागले.

यापुढे तुला माझ्याविषयी काही लिहायचं असेल तर ते मला लिही.

विदाद


कुवेत
२१ जून १९९९

प्रिय ताई,

महिनाभर रोज लिहायला बसतो आणि फाडतो. आज रीमाने लिफाफा आधीच चिकटवून समोर ठेवला आहे, एका बाजूने उघडा. आता पान आत गेलंच पाहिजे.

मी चुकलो. याच्यापुढे "पण" लिहिणार नाही. मात्र एक गोष्ट तुला माहीत असावी.

ब्याण्णवच्या जूनमध्ये तू चेरीच्या झाडाखाली दोन तास पडून होतीस. शिडी अंगावर, आणि हाक पोचेल इतक्या अंतरावर कोणी नाही. मला इथे येऊन चार महिने झाले होते. मला ते कळलं तेविसाव्या दिवशी. तू सगळ्यांना बजावलं होतंस की, नख्लेला नवी नोकरी आहे, त्याला कळवायचं नाही. खुरी बुलोसच्या पत्रात ते होतं, इतर बातम्यांच्या खाली. यंदा जर्दाळू चांगले आलेत, घंटेचा दोर बदलला, विदादचा पाय आता वाकणार नाही.

ते पत्र मी कारखान्याच्या जिन्यात वाचलं. तेवीस दिवस मी जेवत होतो, हसत होतो, पत्ते खेळत होतो.

आदिबला लिहिलं ते तू पडशील या भीतीने नाही. तू आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगली चालवतेस. पडलीस तर मला पुन्हा जर्दाळूंच्या खाली कळेल, याची भीती होती. आता तुला थांब म्हणत नाही. फक्त मला सांगत जा. लागलं, खरचटलं, जमलं, नाही जमलं, त्याच दिवशी लिहीत जा.

नख्ले


ऐन सनोबर
९ जुलै १९९९

प्रिय नख्ले,

तुझं म्हणणं रास्त आहे. ब्याण्णव साली मी जे केलं ते मला तेव्हा समजूतदारपणाचं वाटलं होतं. तसं ते नव्हतं.

तेव्हा आता सगळं सांगते. २ जूनला सराव करताना दारातून बाहेर पडले ती तोंडावर. वरच्या ओठाला दोन टाके. खालचा एक दात हलत होता, तो आता स्थिर आहे. गार्बिस रडायला लागला, त्यामुळे त्याला बसवून मलाच कॉफी करावी लागली. आठवडाभर सूप प्याले. तुला कळवलं नाही कारण मी तुझ्यावर रागावले होते. टाके निघाले, राग राहिला होता, तो तुझ्या पत्राने गेला.

आता वेळ एकवीस सेकंद आहे. पद्धत मला हन्नाच्या बेकरीत सापडली. भट्टीतून रोट्या काढायचं लांब फावडं असतं ना, ते तो कधी वाकडं करत नाही. सरळ मागे ओढतो आणि मग वळवतो. पाय वाकवायच्या नादात मी उगीच झगडत होते. आता पट्टा सोडायचा, अंग शेजारच्या सीटकडे टाकायचं, पाय फावड्यासारखा सरळ दाराकडे फिरवायचा आणि मग दोन्ही हातांनी चौकट धरून बाहेर. अडचण एकच आहे. अंग फिरवताना सीटचं कापड चिकटतं. तिथे सहा सेकंद जातात.

तुझं डोकं चालव. या वेळी माझ्या बाजूने.

विदाद


कुवेत
२० जुलै १९९९

प्रिय ताई,

ओठाचं वाचून मी घरात चार फेऱ्या मारल्या. आता ठीक आहे. सांगितलंस म्हणून ठीक आहे.

सीटसाठी मी छर्‍यांवर फिरणारी पितळी तबकडी आखली होती. तीन रात्री घालवल्या. आपोआप फिरू नये म्हणून तिला खिट्टी लागली असती, वजन अकरा किलो भरलं असतं. रीमाने आकृती बघितली आणि आत गेली. पेटीतून साटीनचं कापड काढलं, थोरलीच्या झग्यातलं उरलेलं. आमच्या लाकडी खुर्चीवर घातलं आणि म्हणाली, "बस आणि फीर." मी फिरलो तो थेट जमिनीवर.

सोबत दोन मीटर पाठवत आहे. रंग गुलाबी आहे, त्याला इलाज नाही.

नख्ले


ऐन सनोबर
२ ऑगस्ट १९९९

प्रिय नख्ले,

त्याच दिवशी लिही म्हणाला होतास, एक दिवस उशीर झाला. काल घरात माणसं मावत नव्हती.

आदिब दहा वाजता आला. मागोमाग निम्मं गाव आलं. खुरी बुलोस, हन्ना, अबू मिलाद दुकान बंद करून, आणि त्याची बायको उम्म मिलाद कॉफीचा थर्मास घेऊन. मी हेल्मेट घातलं, पट्टा बांधला. आदिबने घड्याळ दाबलं. मी अंग फिरवलं, पाय आणला, हात चौकटीकडे नेला, आणि दार बाहेरून उघडलं. उम्म मिलादने. तिला राहवलं नाही. म्हणाली, "सित्त विदाद आतून धडपडतायत आणि मी काय बघत उभी राहू?"

ती खेप बाद. आदिबने नियम वाचून दाखवला. उम्म मिलादने तो ऐकला, मान हलवली आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन पावलं पुढे आली. तेव्हा अबू मिलादने तिच्या दोन्ही हातांत थर्मास आणि कपांचा ट्रे दिला.

तेरा सेकंद. आदिबने घड्याळ दोनदा बघितलं, मग अर्जावर सही केली. सहीखाली तारीख चुकीची घातली, ती मी दुरुस्त करून घेतली.

रीमाला सांग की चार सेकंद तिच्या साटीनचे आहेत. गार्बिस म्हणतो गाडी आतून वधूच्या पेटीसारखी दिसते.

आता नीट वाच. ५ सप्टेंबरला सकाळी साडेदहाला अबू मिलादच्या दुकानात फोन कर. त्याची खिडकी हौदाच्या वळणावर आहे, शेवटून दुसरं वळण. मी अठ्ठाविसावी सुटणार. तो रिसीव्हर खिडकीबाहेर धरेल. जे होईल ते होत असतानाच तुला कळेल.

विदाद


कुवेत
६ सप्टेंबर १९९९

प्रिय ताई,

काल तू फोनवर जे पाच शब्द बोललीस तेवढ्यावर माझं भागणार नाही. पण आधी मी काय ऐकलं ते सांगतो, म्हणजे तुला कुठून सुरू करायचं ते कळेल.

सव्वादहालाच लावला. अबू मिलाद म्हणाला, थांबा इंजिनिअरसाहेब, खिडकी उघडतो. मग वारा, माणसं, कुणीतरी दातांनी बिया फोडत होतं. गाड्या येत होत्या आणि जात होत्या. मी मोजत होतो. रीमा आणि मुली डोकं जोडून त्याच रिसीव्हरला कान लावून बसल्या होत्या. सत्ताविसावी गेली. मग बराच वेळ काही नाही. आणि मग खालून आपली रेनो.

ताई, मी तो आवाज पंचवीस वर्षांनी ऐकला. तुतीच्या झाडाशी तू तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणलीस, इतकं सफाईने की मी टेबलावर थाप मारली. आवाज जवळ आला. तेवढ्यात बायकांनी झगारीत घातल्या, लग्नात घालतात तशा, एकदम वीस-पंचवीस गळ्यांनी. त्यातच टायर किंचाळले. काहीतरी फुसकन दबलं. आणि इंजिन बंद.

मग धावत्या पावलांचा आवाज, खूप पावलं. आणि तेव्हा तुझा आवाज आला, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"कोणी हात लावायचा नाही."

पावलं थांबली. आणि ऐक, इथे कुवेतमध्ये, मी टेबलावरचे दोन्ही हात उचलून हवेत धरले. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. रीमानेही उचलले होते.

मग स्टार्टर, एकदा, दोनदा. इंजिन. गिअर. तू वर गेलीस, आणि आवाज चर्चच्या बाजूला लहान होत होत संपला. त्यानंतर अबू मिलाद रिसीव्हर तसाच टाकून पळाला. पस्तीस मिनिटं मी फक्त कोंबड्या ऐकल्या. कोंबड्या का होत्या? मी ठेवला नाही. आणि मग तू आलीस. "पोचले. शेवटची. आता फोन ठेव."

ठेवला. पण काय झालं होतं?

नख्ले


ऐन सनोबर
१५ सप्टेंबर १९९९

प्रिय नख्ले,

तांदूळ.

उम्म मिलादच्या मनात आठवडाभर होतं की सित्त विदाद येतायत तर नुसतं बघत उभं राहायचं नाही. मदत करायची नाही हे तिला पटलं होतं. पण स्वागत ही मदत नव्हे, असा तिने हिशेब मांडला. त्यामुळे वरच्या गल्लीतल्या सगळ्या बायका झग्याच्या घोळात तांदूळ घेऊन हौदाच्या भिंतीवर चढल्या. आधीच्या सत्तावीस गाड्यांवर कोणी एक दाणा टाकला नाही. सगळा माझ्यासाठी राखून ठेवला होता. त्यात साखरेत घोळलेले बदाम. मी वळणात शिरले आणि समोरचा रस्ता पांढरा झाला. तू छर्‍यांवर फिरणारी तबकडी आखली होतीस ना? उम्म मिलादने तीच बनवली, आठ मीटर रुंदीची.

गाडी आडवी झाली आणि गवताच्या गठ्ठ्यांत मागून जाऊन बसली. ते तुझं फुसकन. मूठ हातातून निसटली म्हणून इंजिन बंद पडलं. लागलं काही नाही. डावं कोपर हिरवं-निळं झालं आहे, ते तुला कळवायचं म्हणून कळवते.

मी मान वर केली तर सगळं गाव उतारावरून धावत येत होतं. हन्ना पिठाच्या हातांनी, खुरी बुलोस झगा वर धरून. पुढच्या दोघांचे हात बॉनेटपासून वीतभर होते. बाहेरच्या माणसाचा हात गाडीला लागला की चालक बाद. त्यांना कुणालाच ते सुचलं नव्हतं. आपल्याकडे रस्त्यात कुणाची गाडी अडली की ढकलायची, त्यात सुचायचं काय असतं? म्हणून मी ओरडले.

नख्ले, तिथे साठएक माणसं असतील आणि त्यातल्या चाळिसांना तरी मी पाढे शिकवले आहेत. सगळे होते तिथे थांबले. हात पुढे केलेले तसेच. खुरी बुलोसचा झगा वर धरलेला तसाच. उम्म मिलादच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. माझ्यासाठी या लोकांनी आजवर खूप केलं आहे. एवढं अवघड काही केलेलं मी पाहिलं नाही.

मग मी माझा वेळ घेतला. गिअर मोकळा, मूठ, स्टार्टर. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा झालं. पुढे घेता येईना, चाकं तांदळावर नुसतीच फिरत होती. तेव्हा मूठ केसाएवढीच सैल सोडून धरली आणि गाडीला तिच्या चालीने सरकू दिलं. पायाने हे मला जमलं नसतं. पाय एवढा नाजूक नसतो. गाडी गठ्ठ्यांतून सुटली, मी तिचं नाक चढणीकडे वळवलं आणि गेले. शेवटच्या वळणावर मी मोठ्याने हसत होते. हेल्मेटमध्ये ते फार घुमतं.

पाच मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. चौऱ्याहत्तरपेक्षा दीड मिनिट जास्त. पुढचे तीन चालक अर्धा तास खोळंबले, कारण बायकांनी रस्ता झाडायला घेतला तोवर वरच्या गल्लीतल्या कोंबड्यांना बातमी लागली होती. आदिब हिरवा झेंडा घेऊन त्यांच्यामागे पळत होता. त्या तुझ्या कोंबड्या.

संध्याकाळी चौकात टेबलं मांडली. गार्बिसने अराक पिऊन बुर्ज हम्मूदची सगळी गाणी म्हटली. पहिला आलेला झहलेचा तरुण माझ्याकडे मूठ बघायला आला आणि तासभर गाडीतून उतरेना. त्याच्या भावाचा हात गेला आहे. गार्बिसने त्याला कागदावर काढून दिली, सहास एकसकट.

सोमवारी सकाळी निकालाचा कागद अबू मिलादच्या दारावर लागला. मी बघायला गेले. तीस नावं होती. मी पुन्हा मोजली, तीसच. एकतिसावं नाव दिसेना. मग लक्षात आलं की कागद खालून दुमडला आहे, चांगला दोन बोटं, आणि वर टाचणी लावली आहे. आत अबू मिलाद पाठमोरा उभा राहून साबण रचत होता. सकाळपासून रचत असावा. म्हणाला, "कागद लांब होता, सित्त विदाद. दारात मावत नव्हता."

मी टाचणी काढली आणि घडी उघडली. खाली ओळ होती: एकतिसावी, विदाद शाहीन, रेनो, ५:५८. आदिबने या वेळी तारीख बरोबर घातली होती.

मी अबू मिलादकडून आणखी दोन टाचण्या मागितल्या आणि त्या खालच्या दोन कोपऱ्यांना लावल्या. कागद दारात व्यवस्थित मावतो. तो स्टूल घेऊन आला. मी म्हटलं राहू दे, माझा हात पोचतो.

विदाद